काळ्या पाषाणाला पुरून उरणारी बटणं

होळी सरली की यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या गाड्यांची वर्दळ वाढते. एक गाडी हॅमर आणि रॉड वाहणारी, तिच्या जोडीला कॉम्प्रेसर. महाराष्ट्रात फिरणाऱ्या अशा कित्येक गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेच्या असतात; नामक्कल जिल्ह्यातलं हे गाव बोअरच्या धंद्यासाठी देशभर ओळखलं जातं. भाव ठरतो फुटावर. पाणी किती फुटांवर लागेल, केसिंग किती घालावं लागेल, मोटर कितीची बसवायची, यावर बांधावर तासन्‌तास बोलणं होतं. ज्याच्या जिवावर हा सगळा व्यवहार चालतो, त्या बिटाकडे मात्र क्वचितच कुणी वाकून बघतं.

बघण्यासारखं त्यात बरंच आहे. साधारण साडेसहा इंच व्यासाच्या पोलादी तोंडावर डझनाहून अधिक करडी, गोल टोकाची बटणं घट्ट बसवलेली असतात. हॅमर मिनिटाला हजाराच्या वर ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याला दगडावर आदळतात ती ही बटणं. पोलाद त्यांना फक्त धरून ठेवतं. बटणं टंगस्टन कार्बाइडची असतात. शिवारात येणाऱ्या यंत्रसामग्रीत इतकं अवघड पदार्थविज्ञान दुसऱ्या कुठल्या वस्तूत क्वचितच सापडेल.

यवतमाळचा खडक या बटणांची परीक्षा एकाच पद्धतीनं घेत नाही. दारव्हा, दिग्रस, पुसद, नेर, यवतमाळ हा सगळा पट्टा दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. वर मुरूम, खाली काळा पाषाण, मध्येच मांजऱ्या खडक, कुठे तांबड्या मातीचा पातळ थर आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. हा अखंड पाषाण घराच्या काँक्रीटपेक्षा कित्येक पट दाब सोसतो. पूर्वेला वणी, मारेगाव, झरी जामणीकडे सरकलं की जमीन पालटते. तिथे वर्धा खोऱ्याचा कोळसा आणि त्याच्या सोबतीचे वालुकाश्म आहेत, तर मुकुटबनच्या परिसरात पैनगंगा समूहाचा प्राचीन चुनखडक. एका जिल्ह्यात तीन जातींचे दगड, आणि तिन्हींत बटण संपतं ते वेगवेगळ्या कारणांनी. ही कारणं दगडात जितकी आहेत तितकीच बटणाच्या जन्मातही आहेत. त्यामुळे आधी भट्टीपाशी जायला हवं.

टंगस्टन कार्बाइड पहिल्यांदा हाती आलं ते १८९०च्या दशकात, फ्रान्समध्ये. रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करण्याच्या खटपटीत होते. त्यातून हा विलक्षण कठीण पदार्थ मिळाला, पण तो इतका ठिसूळ होता की पुढची तीस वर्षं त्याचं फारसं काही करता आलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या दिव्यांच्या कारखान्यांना एक अडचण भेडसावू लागली. दिव्यातली टंगस्टनची तार ओढून बारीक करायला हिऱ्याचे साचे लागत आणि हिरे परवडेनासे झाले होते. बर्लिनच्या ओसराम कंपनीत कार्ल श्र्योटर यांनी कार्बाइडच्या भुकटीत थोडा धातू मिसळून ती तापवून पाहिली. धातूंमध्ये कोबाल्ट सर्वांत सरस ठरला. १९२३ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि काही वर्षांतच क्रुप कंपनीनं हा पदार्थ 'विडिया' या नावानं बाजारात आणला. आपल्याकडच्या लेथवर काम करणाऱ्या कारागिरांच्या तोंडी हे नाव आजही आहे. १९६० साली पुण्यात सँडविक एशिया ही कंपनी आली आणि दापोडीच्या कारखान्यातून कार्बाइडची हत्यारं निघू लागली.

श्र्योटर यांनी वापरलेली रीत म्हणजे सिंटरिंग. टंगस्टन कार्बाइड वितळवायचं तर २७०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जावं लागतं, आणि एवढं करून ओतलेलं कार्बाइड ठिसूळच निघतं. म्हणून ते वितळवायचंच नाही. काही मायक्रॉन आकाराचे कार्बाइडचे कण, त्यात वजनानं साधारण ६ टक्के कोबाल्टची भुकटी आणि थोडं मेण घ्यायचं. हे सगळं द्रवात तासन्‌तास दळायचं, वाळवायचं आणि साच्यात दाबायचं. साच्यातून निघालेलं बटण नखानं ओरखडा उठेल इतकं कच्चं असतं. त्याच्या आत जवळपास निम्मी जागा रिकामी असते.

मग ते निर्वात भट्टीत जातं. आधी मेण निघून जातं. खरा बदल घडतो तो १३०० अंशांच्या पुढे. शुद्ध कोबाल्टला वितळायला १४९५ अंश लागतात, पण कार्बाइडच्या सहवासात तो थोडं टंगस्टन आणि थोडा कार्बन स्वतःत विरघळवून घेतो आणि त्यामुळे दीड-दोनशे अंश आधीच पातळ होतो. हा पातळ कोबाल्ट कार्बाइडच्या प्रत्येक कणाला भिजवतो, कणांच्या फटींत शिरतो आणि केशाकर्षणाच्या ओढीनं कणांना एकमेकांजवळ खेचतो. पोकळ्या बुजत जातात. बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर चढतात. १४०० अंशांच्या आसपास काही काळ ठेवलेलं बटण प्रत्येक दिशेनं जवळपास एक पंचमांश आक्रसतं, त्याचं घनफळ निम्म्यावर येतं, आणि तरीही त्याचा घुमटाकार बिघडत नाही. साचा करणाऱ्यानं हे आक्रसणं आधीच हिशेबात धरलेलं असतं. तिळाच्या लाडवात तीळ गुळानं धरलेले असतात, तशी ही रचना. मात्र इथला गूळ तिळाचा थोडा अंश विरघळवूनही घेतो, म्हणून जोड वरवरचा राहत नाही. तयार बटण लोखंडाच्या जवळपास दुप्पट जड असतं.

या भट्टीत चुकीला फार थोडी जागा आहे. टंगस्टन कार्बाइडमध्ये वजनानं ६.१३ टक्के कार्बन असतो. तो किंचित कमी पडला की टंगस्टन, कोबाल्ट आणि कार्बन मिळून एक नवं, अतिशय ठिसूळ संयुग तयार होतं. किंचित जास्त झाला की बटणात ग्राफाइटचे काळे ठिपके उमटतात. दोन्हींच्या मधली सुरक्षित पट्टी टक्क्याच्या लहानशा अंशाइतकीच रुंद असते. भुकटीच्या कणांवर बसलेला ऑक्सिजनही तापताना कार्बन खाऊन हा तोल बिघडवू शकतो. बाहेरून पाहून यातलं काही कळत नाही. पण कोबाल्ट चुंबकीय आहे आणि त्यात किती टंगस्टन विरघळलं आहे त्यानुसार त्याचं चुंबकत्व बदलतं. त्यामुळे बटण न फोडता, नुसतं चुंबकीय मोजमाप घेऊन कारखान्यात कार्बनचा अंदाज येतो. पदार्थविज्ञानातल्या देखण्या युक्त्यांमध्ये हिची गणना व्हायला हवी. उरल्यासुरल्या बारीक पोकळ्या बुजवण्यासाठी सिंटरिंगच्या अखेरीस भट्टीत आर्गॉन वायूचा मोठा दाबही देतात, कारण ठोका बसल्यावर तडा सुरू होतो तो बहुतेकदा अशाच एखाद्या पोकळीपाशी.

आता पुन्हा शिवारात. वणीकडच्या वालुकाश्मात बटण घासलं जातं. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे कण. कार्बाइडच्या कणापेक्षा क्वार्ट्झ मऊ, पण कोबाल्टपेक्षा फार कठीण. त्यामुळे आधी झिजतो तो कणांच्या मधला कोबाल्ट. आधार गेला की कार्बाइडचे कण फुटतात, सुटतात, आणि घुमटावर चकचकीत सपाट चट्टा पडतो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात उल्रिक बेस्टे आणि स्टाफान याकबसन यांनी वापरलेली बटणं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दगडाचा अंश बटणाच्या पृष्ठभागात शिरतो आणि झिजलेल्या कोबाल्टची जागा घेतो. म्हणजे काही काळानं दगडावर आदळतं ते कारखान्यातून निघालेलं शुद्ध कार्बाइड राहतच नाही, त्याचं बाहेरचं कातडं दगडानं मिसळलेलं असतं.

चुनखडकात प्रकार उलटा. चुनखडक फारसा घासत नाही, म्हणून बटण बरेच दिवस नव्यासारखं गोल दिसतं आणि चालवणारा निर्धास्त राहतो. पण प्रत्येक ठोक्याला बटणाचं टोक क्षणभर तापतं आणि हवेच्या झोतानं लगेच निवतं. उष्णतेनं कोबाल्ट कार्बाइडच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतो. हजारो वेळा हे ताणणं-सोडणं झालं की पृष्ठभागावर बारीक तड्यांची जाळी उमटते. खाणकामातली मंडळी तिला सापाची कातडी म्हणतात. घासणाऱ्या दगडात हा तडकलेला थर आपोआप झिजून जातो. इथे तो तसाच राहतो, तडे खोल जातात आणि एके दिवशी बटणाचा टवका उडतो. म्हणून चुनखडकासारख्या दगडात बटण झिजलेलं दिसत नसलं तरी ते घासून वरचा थर काढून टाकावा लागतो.

काळा पाषाण या दोन टोकांच्या मधला आहे. त्यात मोकळं क्वार्ट्झ फार थोडं असतं, म्हणून घासणं बेताचं. पण दगड अखंड आणि कणखर असल्यानं ठोक्याचा धक्का मोठा. त्यातच थर पालटत राहतात. मऊ मांजऱ्यातून अचानक अखंड पाषाण लागला, किंवा भेगेत बिट तिरकं गेलं, की सगळा भार दोन-चार बटणांवर येतो. अशा ठिकाणी जास्त कोबाल्टचं, किंचित मऊ पण चिवट बटण टिकतं; वालुकाश्मात कमी कोबाल्टचं, कडक बटण बरं. दोन्ही गुण एकाच बटणात पुरेपूर मिळत नाहीत.

शेतकऱ्यानं यात लक्ष घालावं असा एक मुद्दा आहे. बिटाच्या कडेची बटणं भोकाची रुंदी ठरवतात. ती झिजली की बोअर खाली खाली अरुंद होत जातो आणि पाण्यातली मोटर उतरवताना अडकू शकते. अरुंद झालेल्या भोकात नवं बिट घालताही येत नाही. सुरुवातीला आणि शेवटी बिटाचा व्यास मोजायला एक मिनिट लागतं. सपाट चट्टा बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की बिट पुन्हा घासून गोल करावं, असा नियम बिट बनवणारेच सांगतात. तो मोडून बोअर चालू ठेवला तर डिझेल जास्त जळतं, दगड फुटण्याऐवजी नुसता चुरडतो आणि धक्का उलटा हॅमरवर येतो. खोलीचं म्हणाल तर २००९च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या खाली जायला मनाई आहे. 

चुनखडकाची गोष्ट मात्र बोअरपाशी संपत नाही. झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा सिमेंट कारखाना २०२२ साली सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला ३९ लाख टन आहे. कुठल्याही सिमेंट कारखान्याच्या फिरत्या भट्टीत चुनखडक आणि मातीची भुकटी १४५० अंशांपर्यंत तापते, तिचा साधारण चौथा हिस्सा पातळ होतो आणि उरलेले कण त्या द्रवात जुळून क्लिंकरचे गोळे बनतात. हेही सिंटरिंगच. बटणाच्या भट्टीत जे कोबाल्ट करतो, ते इथे चुना, ॲल्युमिना आणि लोहाचा वितळलेला रस करतो.

बोअरचं बटण मात्र अशा भट्टीत टिकणार नाही. हवेत ६०० अंशांच्या पुढे टंगस्टन कार्बाइड ऑक्सिजनशी संयोग पावू लागतं आणि आणखी तापलं तर त्याची पिवळसर भुकटी होते. कोबाल्टही त्याआधीच ढिला पडतो. ज्या मऊ धातूमुळे बटण ठोके सोसतं, तोच आगीत त्याचा कच्चा दुवा ठरतो. खऱ्या उष्णतेत उतरायचं तर धातूचा जोड सोडावाच लागतो. तिथे कामाला येतं सिलिकॉन कार्बाइड.

१८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी चिकणमाती आणि कोकची भुकटी विजेनं तापवून ते तयार केलं आणि पॉलिशकाम करणाऱ्यांना कार्बोरंडम मिळालं. धारेच्या दगडांमुळे आपल्या बाजारातही हे नाव रुळलं आहे. पण त्याची भुकटी जोडणं महाकठीण. नेहमीच्या दाबाखाली ते वितळत नाही, फार तापवलं तर त्याचं विघटन होतं. सिलिकॉन आणि कार्बन यांचे बंध इतके घट्ट की अणू जागचे हलायला तयार नसतात. कण मोठे होतात, पण पोकळ्या बुजत नाहीत. ही कोंडी १९७०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत स्वांते प्रोहास्का यांनी फोडली. त्यांनी अगदी थोडा बोरॉन आणि थोडा कार्बन मिसळला. कार्बन कणांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकतो आणि बोरॉन अणूंची हालचाल सुकर करतो. २००० अंशांच्या पुढे, कसलाही दाब न देता, सिलिकॉन कार्बाइड घट्ट जुळलं.

सिमेंटच्या भट्टीला एवढी महागडी वस्तू परवडत नाही आणि तिची गरजही नसते. तिथे सिलिकॉन कार्बाइडची भरड ॲल्युमिना-सिलिकाच्या ओतीव मसाल्यात मिसळून अस्तर करतात. भट्टीकडे येणारी भुकटी जिथे आधी तापवली जाते, त्या भागात अल्कली, क्लोराइड आणि गंधकाचे क्षार वाफेतून भिंतीवर जमतात आणि त्यांचे थर वाट अडवतात. ते फोडायला तापल्या यंत्रापाशी माणसं लागतात, आणि ते काम धोक्याचं असतं. सिलिकॉन कार्बाइड तापलं की त्यावर सिलिकाचा काचेसारखा पातळ थर चढतो. तो आतल्या कार्बाइडला जळण्यापासून वाचवतो आणि क्षारांना घट्ट धरू देत नाही. पण अल्कली जास्त झालं तर हाच थर मऊ पडतो आणि संरक्षण ढासळतं. शिवाय सिलिकॉन कार्बाइडमधून उष्णता चटकन वाहते, त्यामुळे बाहेरचा पत्रा जास्त तापतो. म्हणून ते सरसकट न वापरता नेमक्या जागी, नेमक्या प्रमाणात वापरतात.

काचेसारख्या त्याच थराचा उपयोग आकाशातही होतो. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोनं तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात तयार झालेलं, कार्बन तंतूंनी मजबूत केलेल्या कार्बनचं रॉकेट-नोझल जाहीर केलं. कार्बन उष्णतेला भीत नाही, पण ऑक्सिजन मिळाला की जळतो. म्हणून त्यावर सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिलेला आहे. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यातल्या धातूच्या नोझलऐवजी हे बसवलं तर नोझलचं वजन सुमारे ६७ टक्क्यांनी घटतं आणि रॉकेट १५ किलो जास्त भार नेऊ शकतं.

टंगस्टनचा प्रश्न मात्र जमिनीवरचाच आहे. जगातल्या टंगस्टनचा फार मोठा हिस्सा चीनमधून येतो आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीननं त्याच्या निर्यातीवर नियंत्रणं आणली. विदर्भात टंगस्टन नाही असं नाही; नागपूर जिल्ह्यातल्या कुही, खोबना, आगरगाव पट्ट्यात त्याची खनिजं भूवैज्ञानिकांना सापडली आहेत, पण त्यातून बटण घडण्यापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. तोपर्यंत हाताशी असलेली खाण म्हणजे भंगार. बिटाचं पोलाद स्वस्त, बटणं मौल्यवान. झिजलेली बटणं वितळलेल्या जस्तात ठेवली की जस्त कोबाल्टमध्ये शिरून त्याला फुगवतं, बटण स्पंजासारखं सैल होतं; मग निर्वात भट्टीत जस्त उडवून दिलं की कार्बाइड आणि कोबाल्टची भुकटी परत मिळते. ती पुन्हा दळायची, दाबायची, भट्टीत घालायची.

ही बिटं भंगारात जाण्याआधी एकदा नागपूरला जायला हवीत. तिथल्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत धातू आणि पदार्थ अभियांत्रिकीचा विभाग आहे. वणीच्या वालुकाश्मातलं, मुकुटबनच्या चुनखडकातलं आणि दारव्ह्याच्या काळ्या पाषाणातलं, अशी झिजलेली बटणं तिथे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवली, प्रत्येकाबरोबर गाव, खोली आणि किती फूट चालली याची नोंद जोडली, तर कुठल्या तालुक्यात किती कोबाल्टचं बटण लावावं हे यवतमाळपुरतं तरी आकड्यांत सांगता येईल. बोअर चालवणाऱ्यांना ते अनुभवानं थोडंफार ठाऊक आहे. त्यांच्याशी बोलल्याशिवाय ही नोंद पुरी होणार नाही.